अंबाडीचं सरबत आणि न घेतलेल्या गोळ्या

अक्का, तुमच्या गोळ्या माझ्यापाशी आहेत.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ज्योती म्हणाली, "काकू, आईच्या साड्या तुम्हीच काढा. माझ्यानं कपाट उघडवत न्हाई." आईचं कपाट लेकीला उघडवत नव्हतं, म्हणून जावेनं उघडलं. वरच्या कप्प्यात तुमच्या ठेवणीतल्या साड्या, मधे रोजच्या. खालच्या कप्प्यात ब्लाउजपीसांचा गठ्ठा होता. तो उचलला तर त्याखाली औषधाच्या दुकानातली खाकी पाकिटं निघाली. रिकामी असतील म्हणून चुरगाळायला गेले, तर हाताला कडक लागली. आतल्या पट्ट्या जशाच्या तशा होत्या. एक गोळी फोडलेली नव्हती. दुसरं पाकीट पाहिलं, तेही तसंच. तिसऱ्यातल्या एका पट्टीवरच्या चारपाच गोळ्या तेवढ्या गेलेल्या.

बाहेरून ज्योतीनं विचारलं, "सापडल्या का?"

मी म्हणाले, "सापडल्या."

ती साड्यांचं विचारत होती.

ती पाकिटं मी पर्समध्ये टाकली आणि वर रुमाल कोंबला. का लपवली, ते तेव्हा मला कळलं नाही. अंकुशनगरला घरी आले, हातपाय धुतले, चहा ठेवला, आणि चहा उतू गेला तरी ओट्यापाशी उभीच. तीन महिन्यांच्या गोळ्या, अक्का. भाऊजी दर महिन्याला आठवणीनं आणून देत होते आणि तुम्ही त्या ब्लाउजपीसांखाली ठेवत होतात. आणि आम्ही सगळे म्हणत होतो, नियमित औषध चालू असताना असं कसं झालं?

तेव्हापासून मला एकच गोष्ट सुचते. हे माझ्यामुळं झालं का?

तुम्हाला मी सुदानच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या. साखर कारखान्याच्या कॉलनीतलं ऊन, नाईलचा पट्टा, उसाच्या फडात शिरणारी वाळू. पण पहिल्या वर्षी मी तिथं किती घाबरून राहात होते, ते कधी सांगितलं नाही. तुम्ही इथं मिरवायचात, "आमची धाकली परदेशात गेल्ती." त्या परदेशात तुमची धाकली दार लावून बसायची. हे केमिस्ट, गाळपाच्या दिवसांत यांचा पाय घरात ठरायचा नाही. मला भाषा येत नव्हती. कुणी दार वाजवलं की मी आधी खिडकीतून बघायची.

पहिल्या ईदेच्या दिवशी असंच दार वाजलं. शेजारची बाई होती, हवा तिचं नाव. हातात काचेचा मोठा जग, त्यात लालभडक पाणी. मी तिला दारातच उभी केली. ती हसली, स्वतःच्या पेल्यात थोडं ओतून आधी आपण प्यायली, मग माझ्यापुढं धरलं. आंबट, गोड, आल्याचा झटका. ही चव ओळखीची आहे, एवढं कळत होतं, पण कसली ते आठवेना. मग तिनं मला आपल्या स्वयंपाकघरात नेलं आणि पोतं उघडून दाखवलं. वाळलेल्या लाल पाकळ्या. मी एक चावली आणि मला रडूच आलं. अंबाडी होती, अक्का. आपल्या बांधावरची अंबाडी. तुम्ही जिची पालेभाजी करायचात, जिच्या बोंडांकडं कुणी ढुंकून बघायचं नाही, ती हजारो मैलांवर सणाच्या दिवशी काचेच्या जगात बसली होती.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "काय नाव म्हनलीस तिचं? हवा? नाव हवा आन् शिकवलं पानी!" आणि स्वतःच्याच विनोदावर एवढ्या हसलात की भाऊजींनी मागून विचारलं, काय झालं. परदेशात गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

हवानं सगळं हातांनी शिकवलं. एक मूठ पाकळ्या, चार पेले पाणी, सकाळी भिजत घालायच्या आणि दुपारी गाळायच्या. आल्याचा तुकडा ठेचून, दालचिनीची काडी, साखर शेवटी. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात कधीच नाही, आंबटानं भांडं खराब होतं आणि पाणीही. एवढं शिकायला मला दोन ईदा लागल्या. तिची सासू ओट्याशी बसून काहीतरी सांगायची आणि हवा ते मोडक्या इंग्रजीत मला समजवायची. म्हातारीचं म्हणणं असं, की गार प्यालं तर रक्ताचा जोर उतरतो आणि ऊन प्यालं तर चढतो.

ते वाक्य मी सोबत घेऊन आले. अक्का, मी ते तिथंच सोडून यायला हवं होतं.

आम्ही परत आलो त्या वर्षीची संक्रांत तुम्हाला आठवत असेल. शहागडला तुमच्या घरी हळदीकुंकू होतं. मी आठवडाभर आधी बांधावरची लाल बोंडं तोडून पाकळ्या सोलून वाळवलेल्या. तुम्ही बघत होतात. "हे आपन फेकून देतो गं," म्हणालात, पण सोलायला बसलात. तुमच्या बोटांना माझ्या आधी जमलं. टोकाला नख लावून बी एका फटक्यात बाहेर.

आणि लगेच तुमचं सुरू झालं. साखरेऐवजी गूळ. मी म्हणाले, "अक्का, हे सुदानी राहणार नाही." तुम्ही म्हणालात, "सुदानचं सुदानात. हे शहागडचं." गुळावर काळं मीठ, जिरं, आणि थंडी म्हणून चार मिरे ठेचून उकळी. ह्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, साखर कारखान्यातल्या माणसाच्या घरात गूळ? तुम्ही म्हणालात, "मंग तुमी तुमची साखर फाका." मला राग आला होता, खरं सांगते. माझी एवढीच एक वस्तू होती परदेशातून आणलेली, आणि तुम्ही ती दहा मिनिटांत आपली करून टाकलीत. आणि वाईट म्हणजे, तुमचं जास्त चांगलं झालं होतं.

बायका विचारायला लागल्या, कुणी शिकवलं. तुम्ही म्हणालात, "आमच्या नलूनं. सुदानातून." सगळ्या माझ्याकडं वळल्या. तेव्हा मला काहीतरी वजनदार सांगावंसं वाटलं. मी म्हणाले, "तिकडं याला औषधच मानतात. बीपी उतरतं यानं."

बस्स. एवढंच बोलले होते. तुम्हाला नुकतंच दिवाळीत बीपी निघालं होतं आणि तुम्ही रिकामे पेले गोळा करत होतात. तुम्ही थांबलात. "खरंच?" मी म्हणाले, "हो, तिथली म्हातारी माणसं सांगतात." म्हातारी माणसं नव्हे, एक म्हातारी. तीही गार प्यालं तर म्हणायची. आणि आपण त्या दिवशी वाफाळतं पीत होतो. हे सगळं मी गिळलं, कारण बायका ऐकत होत्या.

पुढं तुम्ही ते हॉटेलात ठेवायला लागलात. चौपदरी रस्ता झाला, जुन्या रस्त्यावरची वर्दळ गेली, म्हणून भाऊजींनी घराला लागून असलेलं हॉटेल बंद करून नव्या रस्त्याकडेला उसाच्या फडाला टेकून शेड मारलं. ट्रकवाले चहा सोडून लाल पाणी मागायला लागले. एकदा मी आले तेव्हा एक जण घरी न्यायला पाण्याच्या बाटलीत भरून घेत होता आणि तुम्ही त्याला बजावत होतात, "परवापर्यंत संपवा, जल्दी आंबतं." माझ्याकडं बघून डोळा मारलात. त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला. हेही तुम्हाला सांगायचं राहिलं.

या संक्रांतीला ज्योतीनं तुमचा आवाज टिपला. चुलीपाशी उभ्या राहून तुम्ही सगळी कृती सांगितलीत, मूठ किती, पाणी किती, गूळ केव्हा. शेवटी म्हणालात, "आन् गोळ्याबिळ्या काय खाता? हे प्या. मला बघा, कशी ठनठनीत हाय." ज्योतीनं ते घरच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी वा वा केलं. मी हसरा चेहरा पाठवला. अक्का, मी हसरा चेहरा पाठवला.

दोन दिवसांनी मात्र जिवाला चुटपुट लागली म्हणून फोन केला.

"अक्का, ते गोळ्यांचं कशाला म्हणालात?"

"अगं गंमत. लोकाला तेवढंच आवडतं."

"तुम्ही घेता ना पण?"

"घेते की."

"रोज?"

"तू काय डाक्टर हैस? इथं गिऱ्हाईक उभं हाय," असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. मला राग आला. मी ठरवलं, आता आपण होऊन विचारायचं नाही. तीन आठवडे मी फोन केला नाही. चौथ्या आठवड्यात सकाळी भाऊजींचा आला. चहाचं आधण ठेवता ठेवता तुमच्या हातातून गाळणी पडली, ती उचलायला वाकलात आणि उठलाच नाहीत.

दवाखान्यात तुमची उजवी बाजू गेली होती, वाचाही. डावा हात मात्र चालत होता. त्या हातानं तुम्ही माझा हात एवढा घट्ट धरलात की बांगडी रुतली. काहीतरी सांगत होतात. मी "हो अक्का, हो अक्का" म्हणत राहिले. काय सांगत होतात, ते न कळताच हो म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

आणि तेराव्याला तुमच्या भाच्यानं तोच आवाज पुन्हा ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, अक्कांची आठवण. तिथून तो तुमच्या माहेरच्या ग्रुपवर गेला, आष्टीला, परतूरला, ज्योतीच्या शाळेतल्या बायकांत. रडणारे चेहरे, जोडलेले हात. "अक्कांचं सरबत आम्ही आजच केलं." "आता रोज घेणार, अक्कांची शिकवण म्हणून." पर्समध्ये तुमच्या गोळ्या आणि फोनमध्ये तुमचा आवाज. दोन्हींपैकी कशालाच हात लावायची मला हिंमत होईना.

पहिल्यांदा आठवण झाली ती हवाची. तिला विचारावं, तुझी सासू म्हणायची ते खरं होतं का गं? पण तिकडं लढाई पेटल्यापासून तिचा फोन लागत नाही. निरोप जातो आणि एका खुणेवर अडकून राहतो. जिनं शिकवलं ती कुठं आहे, आहे की नाही, ठाऊक नाही. जिला शिकवलं ती गेली. मधे मी.

आठ दिवसांनी मी पर्स घेऊन आपल्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी पट्ट्या उलटसुलट पाहिल्या. मी एका दमात सगळं सांगितलं, सासूचं वाक्य, गार आणि ऊन, मिरे, गूळ. आणि विचारलं, "हे माझ्या सरबतानं झालं का?"

ते म्हणाले, "एक पेला ऊन प्यालं म्हणून कुणाला झटका येत नाही, आणि गार प्यालं म्हणून टळतही नाही. गोळी बंद करणं धोक्याचं होतं, एवढं मी सांगू शकतो. पण चालू असती तर झालंच नसतं, असंही कुणी छातीठोक सांगू शकणार नाही."

मला एक काहीतरी हवं होतं. दोषी तर दोषी, नाही तर नाही. त्यांनी दोन्ही दिलं नाही. उलट त्यांनीच मला दोन गोष्टी विचारल्या. "या गोळीचा त्यांना काही त्रास होत होता का?" मी म्हणाले, माहीत नाही. मग म्हणाले, "आणि त्यांचं ऐकून आणखी कुणी गोळ्या सोडल्यात का?"

अक्का, मी पाकिटं पर्समध्ये टाकून उठलेच. इतके दिवस मी मागचंच उकरत होते. तुमचा आवाज अजून घरोघर बोलतोय, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तिथून मी थेट शहागडला आले. भाऊजींनी दोन दिवसांपूर्वीच हॉटेल उघडलं होतं. थोरले दीर, मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते माझ्याशी समोर बघून बोललेले नाहीत. सगळं तुमच्यामार्फत. आता मधे तुम्ही नव्हतात. मी पाकिटं टेबलावर ठेवली. त्यांनी ती पाहिली आणि रस्त्याकडं तोंड फिरवलं.

"मला ठाऊक व्हतं," ते म्हणाले.

मी समोरच्या बाकावर बसले.

"बंद केल्ती तिनं. मी आनायचो, ती ठिवायची. म्हनायची, सरबत चालू हाय, तेच औषध. मी दोनदा बोललो. मंग बोललो न्हाई."

"पण का भाऊजी? माझ्या बोलण्यावरून?"

एक ट्रक थांबला, ड्रायव्हरनं हात केला, भाऊजींनी त्याला नाही म्हणून खुणावलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "नलूबाई, ती गोळी घेतली का तिला सारखं जावं लागायचं. बाईमानूस. जुन्या जागी घर मागंच व्हतं. इथं कुठं जानार? मागं ऊस उभा व्हता तवर जायची फडात. मार्गशीर्षात ऊस तुटला. सगळं उघडं पडलं. रस्त्यावरनं धा गाड्या बघत्यात. मंग तिनं गोळी सोडली. दिवसा पानी प्यायचंबी सोडल्तं तिनं."

मी मागं पाहिलं. उसाच्या जागी नुसते खुंट होते आणि पार पलीकडच्या बांधापर्यंत आडोसा म्हणून एक बाभूळसुद्धा नव्हती.

तेव्हा मला आठवलं, अक्का. दिवसभर तुम्ही लोकांना पेले भरभरून द्यायचात आणि मी म्हणायचे, "तुम्ही पण घ्या," तर तुम्ही म्हणायचात, "घरी गेल्यावर." मी त्याला तुमचा कामसूपणा समजत होते. एक बाई दुसऱ्या बाईला विचारू शकली असती. मी दहादा तुमच्या त्या शेडमध्ये बसले, चहा प्याले, आणि घरी जाऊन मोकळी झाले. तुम्ही कुठं जाता, हा प्रश्न मला पडलाच नाही. बाथरूम असलेल्या घरात राहणाऱ्या बाईला तो पडत नाही, असं आता वाटतं.

म्हणजे माझं बोलणं कारण नव्हतं का? होतं. तुम्हाला गोळी सोडायचीच होती, आणि सोडायला धीर देणारं वाक्य मी हातात दिलं होतं. हे मी स्वतःला कितीदा समजावलं तरी दर वेळी एक बाजू वर येते आणि दुसरी खाली जाते.

भाऊजी म्हणाले, "पोरीला सांगू नका. तिला वाटंल, बाप बघत बसला." आणि मला वाटत होतं, ज्योतीला वाटेल काकूनं केलं. आम्ही दोघं एकच गोष्ट दोन बाजूंनी झाकून बसलो होतो.

मी म्हणाले, "भाऊजी, पण अक्कांचा आवाज फिरतोय. लोक गोळ्या सोडतील."

त्यांना तो आवाज माहीतच नव्हता. त्यांचा फोन साधा. मी माझ्यावर ऐकवला. तुम्ही बोलायला लागलात तसे ते टेबल धरून उभे राहिले. ठनठनीत हाय, इथपर्यंत ऐकलं. उपरणं डोळ्याला लावलं. मग म्हणाले, "सांगा मंग. खरं ते सांगा. मी हाय हितं."

तिथंच, शेडमध्ये बसून मी माझा आवाज टिपला. तीनदा पुसला. चौथ्यांदा जे बोलले ते तसंच पाठवलं.

"मी नलू बोलतेय. अक्कांचं सरबत सगळ्यांनी जरूर करा. एक मूठ वाळलेल्या पाकळ्या, चार पेले पाणी, काचेच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात. आलं, जिरं, काळं मीठ, गूळ अक्का घालायच्या तेवढाच, म्हणजे कमी. सणाला करा, पाहुण्यांना द्या. पण हे औषध नाही. बीपीचं मी म्हणाले होते, ते ऐकीव होतं, माझी चूक होती. अक्कांनी तीन महिने गोळ्या घेतल्या नव्हत्या. कुणी सोडल्या असतील तर आजच डॉक्टरकडं जा. आणि गोळीचा त्रास होत असेल तर लाज न धरता सांगा."

पाठवलं आणि ग्रुप एकदम गप्प झाला. इतका वेळ नुसते चेहरे नि हात येत होते, आता काहीच नाही. मग ज्योतीचा फोन आला.

"काकू, माझ्या आईला जाऊन महिना झाला न्हाई. चारचौघात तिला मूर्ख ठरवलंत तुम्ही."

"ज्योती, ऐक..."

"मला आधी सांगता आलं नसतं?"

हे तिचं खरं होतं. तिला आधी सांगायला हवं होतं. एक चूक निस्तरताना मी दुसरी करून बसले. तिनं फोन ठेवला. मी परत लावला, तिनं उचलला नाही. मग भाऊजींनी त्यांच्या साध्या फोनवरून लावला. शेडच्या बाहेर जाऊन, रस्त्याकडं पाठ करून ते कितीतरी वेळ बोलत होते. काय बोलले ते मी ऐकलं नाही. पण आत आले तेव्हा म्हणाले, "रडून राह्यली. रडू द्या."

संध्याकाळी ज्योतीचा एकच निरोप आला. "काकू, आई मला का न्हाई बोलली?" मी उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं. मग लिहिलं, "मलाही नाही बोलली." ते तिनं वाचलं. पुढं काही लिहिलं नाही. अजून आमचं नीट बोलणं झालेलं नाही. पण परवा भाऊजींनी शेडच्या मागं खड्डा खणायला घेतला, तेव्हा विटा सांगायला तीच गेल्ती म्हणतात. त्यांना कुणीतरी विचारलं, आता कुणासाठी? ते म्हणाले, रस्त्यानं बायका जात्यात की.

आता कुसुमताईचं सांगते, तुमच्या धाकट्या बहिणीचं, कारण ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

माझा आवाज गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आष्टीहून तिचा फोन. इकडचं तिकडचं विचारलं, पाऊसपाणी, ह्यांची तब्येत. मग एकदम बारीक आवाजात, "ताई, मी बी सोडल्या हायत."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून. अक्का म्हनली म्हनून. ती थोरली. तिचं मी कधी मोडलं न्हाई."

मी ह्यांना गाडी काढायला लावली. अंकुशनगर ते आष्टी, रस्ताभर माझ्या मनात एकच: आपण पोचेपर्यंत काही होऊ नये. ह्यांनी दोनदा सांगितलं, ती फोनवर धड बोलत होती ना. मी म्हणाले, अक्कासुद्धा धड बोलत होत्या.

कुसुमताई दारातच बसली होती, तुमच्यासारखीच मांडी घालून. तिला तशीच गाडीत बसवून तिथल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा पाहिला, आणि दुसऱ्या हाताला पुन्हा बांधला. "बरं झालं आलात," एवढंच म्हणाले. त्यांच्या स्वरावरून मला कळायचं ते कळलं. गोळी लिहून दिली. कुसुमताई मान खाली घालून बसलेली. मी विचारलं, "डॉक्टर, या गोळीनं सारखं लघवीला जावं लागतं का?" ती लाजून पदर तोंडाला लावायला लागली. डॉक्टर म्हणाले, "आधीच्या गोळीनं व्हायचं का?" तिनं तोंडावरचा पदर काढला नाही. मी म्हणाले, "त्या दिवसभर बाजारात भाजी घेऊन बसतात." तेव्हा ती हळूच म्हणाली, "व्हय. लई." डॉक्टरांनी चिठ्ठी परत घेतली, एक नाव खोडलं, दुसरं लिहिलं. म्हणाले, "हे आधीच सांगायचं की मावशी." अक्का, एवढंच होतं ते. एका ओळीचं काम.

जाताना कुसुमताईनं विचारलं, "मंग सरबत बंद का?" डॉक्टर म्हणाले, सणासुदीला एखादा पेला घ्या, पण गोळीच्या बदली नाही. तिला बरं वाटलं. "अक्काचं हाय, बिलकुल बंद कसं करावं," म्हणाली.

घरी आलो. मी तांब्याभर पाणी आणलं, गोळी फोडून तिच्या हातावर ठेवली. ती म्हणाली, "तुमी निघा, उशीर हुईल. मी घेते की."

घेते की.

मी म्हणाले, "आत्ता घ्या."

"बराबर घेते, जेवल्यावर."

"डॉक्टर म्हणाले आत्ता घेतली तरी चालेल. घ्या."

तिनं माझ्याकडं पाहिलं. गोळी तोंडात टाकली, पाणी प्याली. ह्यांनी बाहेर गाडी सुरू केली होती. मी हलले नाही. "तोंड उघडा," म्हणाले.

"ताई, मी काय लेकरू हाय का?"

"हो. उघडा."

तिनं तोंड उघडलं, जीभ वर करून दाखवली, खाली करून दाखवली. आणि मग ती हसायला लागली, दोन दात पडलेले, डोळ्यांत पाणी, आणि मीही तिच्यासमोर उभी राहून हसत होते, रडत होते. अक्का, तुमच्यापुढं मी एवढा वेळ कधी उभीच राहिले नाही.